गाळलेल्या जागा भरा



आकाशवाणीच्या स्टुडिओत मी पहिल्यांदा आलो तो १९९३ साली, चार कविता घेऊन. वाचन झालं. ध्वनिमुद्रण करणाऱ्या साहेबांनी फीत मागे घेऊन मला ऐकवली आणि मी चपापलो. ‘‘हा कुणाचा आवाज? माझा एवढा पातळ कुठे आहे?’’ साहेब हसले. ‘‘इथं येणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा हेच विचारतो,’’ म्हणाले.

त्याचं कारण मला पुष्कळ वर्षांनी वाचनात सापडलं. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्यापर्यंत दोन वाटांनी येतो. एक वाट हवेतली, सगळ्यांकडे जाते तीच. दुसरी आपल्याच जबड्याच्या आणि कवटीच्या हाडांतली, आतल्या आत. हाडांची वाट खर्जाला सोयीची, म्हणून स्वतःचा आवाज स्वतःला नेहमी भरदार वाटतो. फितीवर उतरतो तो फक्त हवेतला. म्हणजे माझा जो आवाज मी जन्मभर ऐकत आलो तो माझ्याखेरीज जगात कुणीच ऐकलेला नाही. कवी माणसाला ही गोष्ट पचायला जरा जड जाते.

त्या कविता प्रसारित झाल्या त्या संध्याकाळी इचलकरंजीत आमच्या घरी सगळे रेडिओभोवती बसले होते. अब्बा सर्वांत पुढे. आमचा सेट जुना, लाकडी पेटीचा, व्हॉल्व्हवर चालणारा. अब्बांनी उजव्या हाताचा तळवा त्या पेटीवर टेकवून ठेवला होता. कार्यक्रम संपल्यावर मी विचारलं, ‘‘अब्बा, कैसा लग्या?’’ ते म्हणाले, ‘‘आवाज आया रे. बोल नै आये.’’ आवाज आला, शब्द आले नाहीत.

मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर थोडा रागही आला. आवाज येतो आणि शब्द येत नाहीत म्हणजे यांचं लक्षच नव्हतं, असं मी मनात म्हणालो. त्या एवढ्याशा वाक्यात कानाचं केवढं शास्त्र होतं ते समजायला माझे स्वतःचे कान अधू व्हावे लागले. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

अब्बा वयाच्या पंधराव्या वर्षापासून यंत्रमागावर कामगार. माग चालू असताना ज्यांनी कधी खात्यात पाय ठेवला नाही, त्यांना तो आवाज नुसता सांगून कळायचा नाही. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे मिनिटाला शंभराहून जास्त वेळा फेकला जातो आणि दर वेळी लाकडावर आदळतो. असे चोवीस माग एका पत्र्याच्या छपराखाली. अशा ठिकाणी आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. डेसिबलचा हिशेब आपल्या किराणा दुकानासारखा नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ताकद दहापट होते. दिवसाला आठ तास ८५ डेसिबलपर्यंत आवाज कान सहन करतो, असं सर्वसाधारणपणे धरतात. शंभर म्हणजे त्याच्या तीसपटीहून जास्त. आणि अब्बांची पाळी आठ तासांची नसे, बारा तासांची असे.

खात्यात कुणी तोंडानं बोलत नाही, बोलून उपयोग नसतो. जॉबरला बोलावायचं तर एक खूण, कांडी संपली तर दुसरी, शेठ आत आले तर तिसरी. बाकीचं ओठांवरून वाचायचं. ही काही आमच्या इचलकरंजीचीच रीत नाही. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांतल्या बायकाही अशाच, ओठ मोठमोठे हलवून बिनआवाजी बोलत आणि त्या बोलण्याला तिकडे ‘मी-मॉ’ असं नावच पडलं होतं. अब्बांना घरीसुद्धा तीच सवय. मोठ्या मिशांच्या माणसाशी बोलायला ते नाखूश असत. लहानपणी आम्हाला याची गंमत वाटायची. त्या मिशांखाली ओठ दिसत नाहीत, एवढंच कारण होतं.

कानठळ्या बसवणारं काम माणसाला बहिरं करतं हे वैद्यकाला काही काल-परवा कळलेलं नाही. इटलीचा वैद्य रामात्सिनी यानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच व्हेनिसच्या तांबटांबद्दल तसं लिहून ठेवलं आहे. बहिरं होताना नेमकं काय जातं, हे मात्र कानाच्या आत डोकावल्याशिवाय कळत नाही.

आवाज म्हणजे हवेची थरथर. ती कानाच्या बोळातून जाऊन पडद्यावर आदळते. पडद्यामागे तीन इवलीशी हाडं एकमेकांना टेकून असतात : हातोडी, ऐरण आणि रिकीब. गुरुजींनी शाळेत हे पाठ करून घेतलं तेव्हा मला प्रश्न पडला होता की कानात लोहार बसलाय की घोडेस्वार! रिकीब हे शरीरातलं सगळ्यांत लहान हाड, तीनेक मिलिमीटरचं. या तिघांचं काम एकच. पडद्याच्या मोठ्या जागेवर पडलेला जोर आतल्या छोट्याशा खिडकीवर एकवटायचा. कारण खिडकीपलीकडे हवा नाही, पाणी आहे. हवेतला आवाज सरळ पाण्यावर पडला तर जवळजवळ सगळाच परत फिरतो. विहिरीत बुडी मारलेल्या पोराला काठावरची हाक नीट ऐकू येत नाही ती म्हणूनच. या हाडांच्या करामतीनं दाब वीसेक पट वाढतो आणि थरथर पाण्यात उतरते.

हे पाणी असतं गोगलगायीच्या शंखासारख्या अडीच वेढ्यांच्या नळीत. डॉक्टर तिला कॉक्लिया म्हणतात. उलगडली तर साडेतीन सेंटिमीटर भरेल. तिच्या लांबीभर एक पातळ पट्टी आहे, सुरुवातीला अरुंद आणि ताठ, शेवटाकडे रुंद आणि सैल. बारीक, वरचे आवाज पट्टीला तोंडाशीच हलवतात, खर्ज आतपर्यंत पोचतो. पेटीवर जशा सुरांच्या जागा ठरलेल्या, तशाच त्या कानातही ठरलेल्या आहेत. बेकेशी नावाच्या हंगेरियन शास्त्रज्ञानं मृत माणसांच्या कानांवर प्रयोग करून ही लाट दाखवली. त्याला १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

पट्टीवर ओळीनं केशपेशी आहेत. पट्टी हलली की त्यांच्या माथ्यावरची लव वाकते आणि नसेतून मेंदूकडे खबर जाते. खबर नेणाऱ्या पेशी एका कानात फक्त साडेतीन हजार. आणखी बाराएक हजार आहेत त्या मदतनीस, हलका आवाज वाढवून देणाऱ्या. (या मदतनीस इतक्या उत्साही की निरोगी कान स्वतःही बारीकसा आवाज बाहेर टाकतो. डेव्हिड केंप यांनी १९७८ साली तो टिपला. नवजात बाळाला ऐकू येतं की नाही, हे आज त्यावरूनच तपासता येतं.) डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून जास्त असतात. कानाचा सारा संसार पंधरा-सोळा हजारांचा. आणि यातली मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. कोंबडीची उगवते, माशाची उगवते, माणसाची नाही.

आता अब्बांच्या वाक्याकडे येऊ. आपल्या बोलण्यात अ, आ, ऊ, ओ हे स्वर भरघोस असतात आणि त्यांचा बहुतेक जोर खालच्या पट्टीत असतो. स, श, फ, थ, ख, ट ही व्यंजनं हलकी, क्षणभराची आणि बरीचशी वरच्या पट्टीतली. ‘स’चा बहुतेक जीव सेकंदाला चार हजार कंपनांच्या वर. यंत्राच्या आवाजानं कान जातो तो आधी नेमका चार हजारांच्या आसपास. पाठ, काठ, ताट, खाट, वाट. यांतला नुसता ‘आ’ कानावर पडला तर जेवायचंय की झोपायचंय ते कसं कळावं? आवाजाचं वजन स्वरांत असतं, शब्दाची ओळख पुष्कळशी व्यंजनांत. मागानं अब्बांची व्यंजनं नेली होती. म्हणून आवाज आला आणि बोल आले नाहीत. आणि म्हणूनच अशा माणसापुढे ओरडून फायदा नसतो. ओरडण्यानं स्वर मोठे होतात, व्यंजनं आणखीच झाकली जातात. आम्ही घरातले सगळे त्यांच्याशी आयुष्यभर ओरडून बोललो.

मी कॉलेजची तीन वर्षं रात्रपाळी केली आणि बी.ए. झाल्यावर नोकरी लागेपर्यंत आणखी पाच. मग एका पतसंस्थेत रोखपाल झालो आणि माग सुटला. आपण सुटलो असं वाटलं. पंचवीस वर्षं काही जाणवलं नाही. म्हणजे जाणवत होतं, पण दोष मी दुसऱ्याला देत होतो.

मिरज आमच्या जवळच. तिथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात दर वर्षी गाणं असतं. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर त्याच दर्ग्यात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ मोठमोठे गवई तिथे हजेरी लावतात. तंबोरे करणारी घराणीही मिरजेतलीच. एका वर्षी मी ऐकायला बसलो आणि तंबोरा मला बोथट वाटला. तंबोऱ्याची एक गंमत आहे. त्याची एकही तार गंधाराला लावलेली नसते, तरी तो जुळला की गंधार ऐकू येतो. तो खर्जाच्या तारेतच असतो. तार एका वेळी मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वेगानंही थरथरते. त्यातलं पाचवं ते गंधार. आपला मेंदू या सगळ्यांची मोट बांधून आपल्याला एकच ‘सा’ देतो. तयारीचा कान ती मोट सोडवतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात असताना, १९२०च्या आसपास, तंबोरा, वीणा, तबला, मृदंग या वाद्यांवर अभ्यास केला तो या वरच्या कंपनांचाच. त्या वर्षी मला गंधार ऐकू येत होता, पण त्याच्या वर जी झळाळी पसरलेली असते ती नव्हती. मी शेजारच्याला म्हणालो, ‘‘यंदा जवारी नीट काढलेली नाही.’’ तो माझ्याकडे नुसता बघत राहिला.

दुसरा प्रसंग एका कविसंमेलनातला. मी मागच्या रांगेत होतो, एक तरुण गझल वाचत होता. त्याचं वृत्त मला स्वच्छ ऐकू येत होतं. लघु कुठं, गुरू कुठं, यती कुठं, सगळं. शेर मात्र एकही कळत नव्हता. मी दाद दिली. वृत्त कळत असलं की दाद कुठं द्यायची तेही कळतं. घरी येऊन सौभाग्यवतींना म्हणालो, ‘‘नव्या पोरांचे उच्चार फार अस्पष्ट.’’

इतकी वर्षं हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही? याचं उत्तर कानात नाही, मेंदूत आहे. शाळेच्या परीक्षेत प्रश्न असायचा, ‘गाळलेल्या जागा भरा.’ मेंदू हा प्रश्न दिवसभर, न विचारता सोडवत असतो. अमेरिकेत रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञानं १९७० साली एक साधा प्रयोग केला. एक वाक्य ध्वनिमुद्रित केलं, त्यातल्या एका शब्दातला ‘स’ पूर्ण कापून काढला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज बसवला. ऐकणाऱ्यांना विचारलं, वाक्यात काही कमी होतं का? त्यांना शब्द पुरा ऐकू आला होता. खोकला नेमका कुठे आला, हेही कुणाला बरोबर सांगता आलं नाही. मात्र खोकल्याऐवजी तिथे नुसती शांतता ठेवली, तर जागा रिकामी आहे हे लगेच ओळखू येतं. म्हणजे गोंगाट असेल तर मेंदू समजतो की अक्षर त्याच्या आड झाकलं गेलं आणि ते पदरचं घालतो.

टेलिफोनचंच बघा. जुन्या तारेच्या फोनवरून साधारण तीनशे ते चौतीसशे कंपनांच्या दरम्यानचा आवाजच पलीकडे जात असे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर असतो शंभर-सव्वाशेचा. तो तारेवरून कधी गेलाच नाही. तरी फोनवर आपल्याला काकांचा आवाज काकांचाच, खर्जातलाच, ऐकू यायचा. वरच्या कंपनांवरून मेंदू हिशेब करतो की यांचं मूळ अमुक असणार, आणि ते मूळ ऐकवतो. तुमच्यापैकी जे मला हातात मावणाऱ्या छोट्या सेटवर ऐकत आहेत, त्यांना माझ्या आवाजातला खर्ज त्यांचा स्वतःचा मेंदूच पुरवतो आहे.

माझ्याही बाबतीत तेच चाललं होतं. गळालेली व्यंजनं मेंदू संदर्भावरून भरत होता. रोखपालाच्या खिडकीवर माणूस काय बोलणार ते ठरलेलं. भरणा, काढणं, व्याज, पासबुक. तिथे निभत होतं. फक्त संध्याकाळी थकवा यायचा. मला वाटायचं वय झालं. पण दिवसभर कोडी सोडवणारा थकणारच.

गर्दीत मात्र हे जमत नाही. दोन कान असण्याचा खरा उपयोग तिथे असतो. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी पोचतो, डाव्या कानात फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका उशिरा. मेंदू तेवढ्या फरकावरून दिशा ओळखतो आणि दहा आवाजांतून एक वेगळा काढतो. लग्नाच्या पंगतीत आपण शेजाऱ्याशी बोलू शकतो ते यामुळे. ही शक्ती लवकर दगा देते. इतकी, की खोलीत बसवून केलेल्या चाचणीत कान चांगले निघतात आणि पंगतीत माणूस हरवून जातो. उंदरांवरच्या २००९ सालच्या एका संशोधनात दिसलं, की मोठ्या आवाजानंतर केशपेशी वाचल्या तरी त्यांचे नसांशी असलेले जोड कायमचे तुटू शकतात. मी लग्नकार्याला जाणं कमी केलं होतं. घरचे म्हणत, कवी आहेत, एकटं राहायला आवडतं.

मग आलं २०२० साल आणि मास्क. पतसंस्थेच्या काचेपलीकडे सगळ्यांची तोंडं झाकलेली. एका गवळ्यानं ‘सात हजार’ म्हटलं आणि मी साठ हजारांची मोजणी सुरू केली. स्लिपवर आकडा लिहिलेला होता म्हणून निभावलं. दिवसभर मी ‘काय? काय म्हणालात?’ करत होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी इतकी वर्षं लोकांचे ओठ वाचत होतो. माझ्या नकळत. अब्बांसारखाच.

यात नवल असं काही नाही. आपण सगळेच थोडंफार डोळ्यांनी ऐकतो. मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड या दोघांनी १९७६ साली दाखवून दिलं, की पडद्यावरचे ओठ ‘ग’ म्हणत असतील आणि आवाज ‘ब’चा लावला असेल, तर पुष्कळांना ऐकू येतो ‘द’. जो ना ओठांवर आहे ना फितीवर. डोळे मिटले की पुन्हा ‘ब’. हे माहीत असलं तरी फसायला होतं.

टाळेबंदी उठल्यावर तपासणी करून घेतली. एका बंद खोलीत बसवतात, बारीक-बारीक आवाज देतात, ऐकू आला की बटण दाबायचं. मग आलेख येतो. माझा आलेख डावीकडून बरा चालत येतो आणि पुढे टेकडीवरून ओढ्यात उतरावं तसा खाली घसरतो. चार हजारांपाशी खळगा. तपासणाऱ्या बाई तिशीच्या असतील. माझं नाव-गाव त्यांनी तोवर वाचलेलंही नव्हतं. कागदाकडे बघत त्यांनी विचारलं, ‘‘काका, कधी मागावर काम केलंत का?’’

मला अब्बांचा कधीही न काढलेला आलेख डोळ्यांसमोर दिसला. ते २००४ साली गेले. त्यांना कुणी कधी अशा खोलीत बसवलं नाही. कानात घालायला कापसाचा बोळासुद्धा कुणी दिला नाही, आणि त्यांनी मागितला नाही.

कानाचं यंत्र घ्यायला मी तरीही दोन वर्षं लावली. कारण सांगायला लाज वाटते. चष्मा लावला की माणूस विद्वान दिसतो आणि यंत्र लावलं की बहिरा दिसतो, हे ते कारण. शिवाय आपण कवी, आपलं सारं दुकान कानावर. दुकानाला टाळं लागलंय ही पाटी आपणच कशी लावायची? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अहवालाप्रमाणे जगात दीडशे कोटींहून जास्त माणसांना कमी-अधिक कमी ऐकू येतं. आणि उतारवयातल्या स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या कारणांत लॅन्सेटच्या आयोगानं २०२४ साली कमी ऐकू येण्याचा समावेश केला आहे. हे आकडे मी तेव्हा वाचले असते तरी माझी दोन वर्षं वाचली असती की नाही, सांगता येत नाही.

यंत्र लावलं त्या पहिल्या दिवशी मी वेडा व्हायचा बाकी होतो. पंखा एवढा वाजतो? वर्तमानपत्राचं पान उलटलं तर वीज कडाडल्यासारखं. स्वयंपाकघरात चमचा पडला आणि मी उठून उभा राहिलो. चांगल्या कानालाही हे सगळं येतच असतं, पण काय बाजूला टाकायचं ते मेंदू ठरवतो. माझा मेंदू ते विसरला होता. त्याला पुन्हा शिकायला दोन-अडीच महिने लागले. पुष्कळ लोक पहिल्या आठवड्यातच यंत्र कपाटात टाकतात. तसं करू नका, एवढं मी अनुभवानं सांगतो. कानातले रातकिडे मात्र अजून आहेत. ते बाहेर नसतात. कानाकडून येणं थांबलं की मेंदू स्वतःची कळ वाढवतो आणि त्यातून ही किरकिर उठते, असं बरेच संशोधक मानतात. रात्री त्यांची सोबत असते.

आता जरा वेगळ्या गोष्टीकडे वळतो, पण विषय तोच आहे. मेंदू गाळलेल्या जागा भरतो, पण त्याच्याजवळ आधीपासून जे असेल त्यानंच. बाळ सहा-आठ महिन्यांचं असताना जगातल्या बहुतेक भाषांतले ध्वनी वेगळे ओळखू शकतं. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ साली कॅनडात हे तपासलं. हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक इंग्रजी घरातल्या तान्ह्यांना कळत होता, वर्षाची होत आली तेव्हा तीच क्षमता ओसरली होती. घरात जे कानावर पडत नाही त्याची दखल घेणं मेंदू सोडून देतो. आमच्या अम्मीच्या बोलण्यात ‘ळ’ नव्हता. ती ‘शाला’, ‘फला’ म्हणायची. मला ‘ळ’ मिळाला तो शेजारच्या आक्कांकडून, त्यांच्या जात्याजवळ रांगताना.

आणि तरीही माझं नाव निवेदकांनी घेतलं, की काही कानांना माझ्या मराठीत उर्दू ऐकू येते. एका कार्यक्रमानंतर एका सज्जन गृहस्थांनी पत्र पाठवलं होतं, ‘आपल्या उच्चारांना उर्दूचा मंद सुगंध आहे.’ त्यांनी ते प्रेमानं लिहिलं होतं. श्रोतेहो, मला उर्दू लिपी वाचता येत नाही. शिकायची राहून गेली. अमेरिकेतल्या डोनाल्ड रूबिन यांनी १९९२ साली विद्यार्थ्यांना एकच ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवलं. एका गटाला व्याख्यातीचा म्हणून गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, दुसऱ्याला आशियाई चेहऱ्याच्या बाईचा. आवाज तोच, अमेरिकेतच वाढलेल्या बाईचा. दुसऱ्या गटाला ते व्याख्यान कमी समजलं. मॅकगर्कनं ओठांनी केलं ते इथे चेहऱ्यानं केलं. माझ्या बाबतीत नावानं होतं. त्या गृहस्थांवर माझा राग नाही. त्यांना तो सुगंध खरोखर ऐकू आला असणार. मीही एका तरुण कवीला अस्पष्ट उच्चारांचा ठरवून आलो होतोच की.

माझी नात आता साडेपाच वर्षांची आहे. लहान मुलांचा आवाज बारीक, अक्षरं अजून अर्धी-कच्ची. माझ्या कानाला सगळ्यांत अवघड. यंत्राआधी ती येऊन काहीतरी सांगायची आणि मी मान डोलवून हसायचो. एकदा सुट्टीत आली असताना ती थांबली, माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘नाना, तुम्हाला कळलं नाही ना?’’ हे मात्र मला कळलं. हे तिनं सावकाश, ओठ मोठे हलवून म्हटलं होतं. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आता कळतं. सगळं नाही, दहातलं आठ. उरलेल्या दोनांसाठी मी तिला ‘पुन्हा सांग’ म्हणतो आणि ती सांगते. परवा तिनं मला शाळेतलं गाणं शिकवलं आणि माझा ‘श’ चुकतोय म्हणून दोनदा थांबवलं.

इथे स्टुडिओत कानावर हेडफोन चढवला की यंत्र शिट्टी मारतं, म्हणून ते काढून मी समोर टेबलावर ठेवलं आहे. काचेपलीकडे निर्माते काहीतरी म्हणत आहेत. आवाज येत नाही. पण त्यांनी हात वर करून बोटं मिटली. आमच्या खात्यात पाळी संपल्याची हीच खूण होती.

नमस्कार.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)